यंत्र मिळते एका दिवसात, ऐकणे जमते महिन्याभरात

मुख्यमंत्री वयोश्री योजनेला राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजुरी दिली. वय ६५ पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांच्या खात्यात एकदाच तीन हजार रुपये जमा होतात आणि त्यातून त्यांनी सहाय्यक साधन घ्यावे अशी अपेक्षा आहे. साधनांच्या यादीत चष्मा, चाक असलेली खुर्ची, वॉकर, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा आहे आणि श्रवणयंत्रही आहे. केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून चालू आहे. तिच्या शिबिरांतही श्रवणयंत्रे वाटली जातात. दिव्यांगांसाठीची 'एडिप' योजना तर १९८१ पासूनची. म्हणजे कागदावर पाहिले तर गरीब माणसाच्या कानापर्यंत यंत्र पोहोचवण्याचे तीन रस्ते आज उघडे आहेत.

तरीही बाह्यरुग्ण विभागात बसणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरला वेगळेच चित्र दिसते. आजोबा तपासायला येतात, सोबत आलेला नातू ओरडून ओरडून प्रश्न समजावतो. "यंत्र नाही का मिळाले?" असे विचारले की उत्तर येते, "मिळालं ना. पेटीत आहे." का घालत नाही, तर कारणे ठरलेली: शिटी वाजते, डोके दुखते, नुसता गोंगाट होतो, सेल संपला, पावसात बंद पडले. क्वचितच यंत्र खरोखर बिघडलेले असते. बहुतेक वेळा ते देताना कोणी दहा मिनिटे बसून समजावलेले नसते, आणि दिल्यानंतर कोणी विचारलेले नसते.

यंत्रे किती वाटली याचा हिशेब सरकारकडे असतो. त्यातली किती कानात आहेत, याचा हिशेब कुठेच मागितला जात नाही. आजचा लेख या दुसऱ्या हिशेबाबद्दल आहे. आलापल्लीसारख्या ठिकाणी तर तो जास्तच महत्त्वाचा आहे, कारण इथून कानाच्या तज्ज्ञाकडे पुन्हा एक चक्कर मारायची म्हणजे शंभर किलोमीटरहून जास्त प्रवास करून गडचिरोली किंवा चंद्रपूर गाठायचे.

'ऐकू येतं, पण कळत नाही'

वयाने येणारा बहिरेपणा सावकाश येतो, दहा-पंधरा वर्षे घेतो. आतल्या कानात शंखासारखा एक अवयव असतो. त्यातल्या सूक्ष्म केसपेशी ध्वनीचे रूपांतर मेंदूला कळेल अशा संदेशात करतात. या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आधी मरतात त्या उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या. आपल्या भाषेतले स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ, खालच्या पट्टीत असतात आणि त्यांच्यात जोर असतो. स, श, त, थ, फ ही व्यंजने वरच्या पट्टीत आणि हलकी. त्यामुळे माणसाला आवाज येतो, शब्द कळत नाही. 'साप' म्हटले काय आणि 'ताप' म्हटले काय, कानावर फक्त 'आप' पडते. या जंगलपट्ट्यात साप आणि ताप या दोन्हींमुळे माणसे दवाखान्यात येतात. त्यांच्यात गल्लत होणे ही काही विनोदाची गोष्ट नाही.

दुसरी अडचण घरच्यांना नेहमी चक्रावते. आजी म्हणते, "जरा मोठ्यानं बोल." मोठ्याने बोलले की म्हणते, "ओरडतोस कशाला?" ती चिडकी झालेली नसते. आतला कान खराब झाला की हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज मात्र पूर्वीइतकाच किंवा जास्तच टोचतो. ऐकू येणे आणि सहन न होणे यांच्यामधली जागाच आखडते. चांगले श्रवणयंत्र या आखडलेल्या जागेत आवाज बसवते: हळू आवाज जास्त वाढवते, मोठा आवाज कमी वाढवते, आणि ज्या पट्टीत कान कमजोर आहे तिथेच जोर देते. यासाठी आधी श्रवणचाचणी आणि नंतर त्या चाचणीप्रमाणे यंत्राची जुळवणी लागते. बाजारात कानात घालायचे जे स्वस्त आवाजवर्धक मिळतात ते सगळेच आवाज सरसकट वाढवतात. दिसायला दोन्ही सारखेच असतात, काम मात्र वेगळे.

या भागात वयाखेरीज इतरही कारणे आहेत. लहानपणापासून वाहणारा कान हे फार जुने दुखणे. पूर्वी क्षयरोगासाठी स्ट्रेप्टोमायसीनची आणि औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी कॅनामायसीनची इंजेक्शने दिली जात. त्यांनी काहींचे कान कायमचे अधू झाले. आता तो उपचार बहुतांशी गोळ्यांवर आला आहे, पण जुने रुग्ण आपल्यातच आहेत. हिवतापासाठी क्विनाईन घेतलेल्यांना कानात घुंई घुंई आणि कमी ऐकू येणे अनुभवाला येई. ते बहुधा तात्पुरते असे. आणि आवाज! आलापल्लीचा सागवान देशभर नावाजलेला, पण तो कापणाऱ्या करवतीजवळचा आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो. कारखान्यांसाठीच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा आहे. अनेक तज्ज्ञ संस्था ८५ च्याच पुढे धोका मानतात. एटापल्लीकडे खाणकाम वाढले आहे, जड वाहने वाढली आहेत. आज यंत्रांवर आणि ट्रकवर काम करणारी तिशीतली पोरे कान न झाकता राबली, तर वीस वर्षांनी हीच रांग आणखी लांब होईल. कानात घालायच्या बोंड्यांची किंमत काही रुपये असते.

कायद्याची रेघ कुठे ओढली आहे

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये श्रवणाविषयीचा पहिला जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार जगात सुमारे ४३ कोटी लोकांना श्रवणदोषासाठी उपचार किंवा पुनर्वसनाची गरज आहे. ही गरज मोजताना रेघ ओढली आहे ती चांगल्या कानात ३५ डेसिबलपेक्षा जास्त ऱ्हास असण्यावर. श्रवणयंत्राचा उपयोग होऊ शकेल अशांपैकी साधारण १७ टक्के लोकच ते वापरतात, असेही संघटना सांगते.

आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये रेघ वेगळी आहे. दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असेल तर माणूस 'ऐकण्यास कमी' आणि ७० डेसिबलचा असेल तर 'कर्णबधिर'. एडिप योजनेतून यंत्र हवे तर ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. आता दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. साधे बोलणे एक मीटर अंतरावर सुमारे ६० डेसिबलचे असते. ज्याला ५० डेसिबल ऱ्हास आहे त्याला समोरच्या माणसाचे बोलणे जेमतेम पुसटसे येते. ग्रामसभेत, बँकेत, दवाखान्यात त्याचे अडते. पण कायद्याच्या दृष्टीने तो दिव्यांग नाही. आणि यंत्राचा सर्वांत चांगला उपयोग होतो तो नेमका या ४० ते ६० डेसिबलच्या टप्प्यातल्या माणसाला, कारण त्याच्या कानात अजून पुष्कळ पेशी जिवंत असतात.

वयोश्रीच्या दोन योजना ही फट काही प्रमाणात भरून काढतात, कारण तिथे ४० टक्क्यांची अट नाही. पण केंद्राची योजना साठीच्या पुढे आणि राज्याची पासष्टीच्या पुढे. करवतीवर कान गमावलेला पन्नास वर्षांचा मजूर दोन्हींत बसत नाही. शिवाय तीन हजार रुपयांत काय येते हेही पाहायला हवे. खिशात ठेवायचे, वायर असलेले साधे यंत्र येते. कानामागे बसणारे, जुळवणी करता येणारे डिजिटल यंत्र घ्यायचे तर बहुधा पदरचे पैसे घालावे लागतात, आणि तेही एका कानासाठी. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, एवढाच काय तो दिलासा.

खिशातले यंत्र अगदी टाकाऊ असते असे मात्र मी म्हणणार नाही. त्याची बटणे मोठी असतात, थरथरत्या हातांना सापडतात. त्याला पेन्सिल सेल लागतो, जो अहेरीच्या कोणत्याही किराणा दुकानात मिळतो. ज्याचे हात साथ देत नाहीत आणि ज्याच्या गावात कानामागच्या यंत्राचे बटणसेल मिळत नाहीत, त्याच्यासाठी ते जास्त उपयोगी पडू शकते. यंत्र निवडताना माणसाचे घर, हात आणि बाजार हे तिन्ही पाहावे लागतात.

यंत्र घेण्याआधी

कान एकदा डॉक्टरला दाखवा. मळाचा घट्ट बोळा हे कमी ऐकू येण्याचे अगदी साधे कारण असू शकते, आणि तो काढला की यंत्राची गरजच उरत नाही. कानात तेल, पानाचा रस, काडी, पीस काहीही घालू नका. कान वाहत असेल तर आधी त्यावर उपचार. वाहत्या कानात साचा घालून तो बंद केला तर आतली लागण वाढते. पडद्याला भोक असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करता येतो.

काही लक्षणे थांबायची नसतात. एका कानाने अचानक, दोन-तीन दिवसांत ऐकू येणे बंद झाले तर ती तातडीची बाब आहे. पहिल्या काही दिवसांत औषध सुरू झाले तर ऐकू येणे परत मिळण्याची शक्यता वाढते. महिन्याने आलात तर फार काही हाती राहत नाही. एकाच कानात कमी होत जाणारे ऐकणे, चक्कर, कानातून रक्त किंवा दुर्गंधीयुक्त पू, चेहऱ्याची एक बाजू ढिली पडणे, यांतले काहीही असेल तर यंत्राच्या शिबिराची वाट पाहू नका.

श्रवणचाचणी शांत खोलीत व्हायला हवी. शाळेच्या सभागृहात, बाहेर लाऊडस्पीकर आणि आत दोनशे माणसे असताना केलेली चाचणी कानाचा दोष आहे त्यापेक्षा जास्त दाखवू शकते, आणि मग यंत्रही चुकीचे जुळवले जाते. भाषेचाही प्रश्न आहे. आपल्याकडे एकाच ओसरीवर माडिया, गोंडी, तेलुगू आणि मराठी ऐकू येते. माडिया बोलणाऱ्या बाईला मराठी शब्द ऐकवून "काय ऐकलं ते सांगा" म्हटले आणि तिला सांगता आले नाही, तर तिला ऐकू आले नाही की शब्दच ओळखीचा नव्हता, हे कसे कळणार? अशा वेळी शिट्टीसारख्या सुरांची चाचणी आणि घरातल्या माणसाने तिच्याच भाषेत उच्चारलेले शब्द यांवर जास्त भर द्यावा.

शक्य असेल तर दोन्ही कानांना यंत्र घ्या. आवाज कुठून आला हे मेंदू दोन्ही कानांची तुलना करून ठरवतो. मोहफुले वेचायला, तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्या माणसाला मागची हालचाल नुसती ऐकू येऊन भागत नाही, ती कोणत्या बाजूला झाली हेही कळावे लागते. रस्त्यावर ट्रकचेही तसेच. एकच घेणे परवडत असेल तर कोणत्या कानात जास्त उपयोग होईल ते चाचणी करणाऱ्याला विचारा.

पहिले चार आठवडे

यंत्र पहिल्यांदा घातले की जे ऐकू येते ते सुखद नसते. पंख्याची घरघर, भांड्यांचा आवाज, पत्र्यावरचा पाऊस, स्वतःच्या पावलांखालचा पाचोळा, सगळे एकदम अंगावर येते. स्वतःचा आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. बहुतेक जण नेमके इथेच यंत्र काढून ठेवतात. खरे तर हे यंत्र चालू असल्याचे लक्षण आहे. पंखा आधीही घरघरत होता. ऐकू येणाऱ्या माणसाचा मेंदू तो आवाज बाजूला सारतो. दहा वर्षे शांततेत राहिलेला मेंदू हे सारणे विसरलेला असतो. त्याला ते पुन्हा शिकायला काही आठवडे लागतात. चष्मा घातला की लगेच दिसते. यंत्राचे तसे नाही. हे एक वाक्य जरी यंत्र देताना सांगितले गेले तरी पेटीत जाणारी कित्येक यंत्रे वाचतील.

पहिल्या आठवड्यात घरातच, शांत वेळी, एकेक-दोन दोन तास दिवसातून दोन-तीन वेळा घाला. एकाच माणसाशी, समोरासमोर बसून बोला. आवाज अगदी वरपर्यंत नेऊ नका. समोरच्याचे बोलणे आरामात ऐकू येईल एवढाच ठेवा. घरातले आवाज एकेक करून ओळखा: हा नळ, ही कोंबडी, हा दाराचा कोयंडा.

दुसऱ्या आठवड्यात वेळ वाढवून चार ते सहा तासांवर न्या. दोन-तीन माणसांच्या गप्पांत बसा. दूरदर्शनवरच्या बातम्या ऐका. बातमीदार सावकाश आणि स्पष्ट बोलतो. नातवाकडून पुस्तक वाचून घ्या आणि तेच पान स्वतःही डोळ्यांखालून घाला. डोळ्याने पाहिलेला शब्द कानाने ऐकला की मेंदूची जुळणी लवकर होते.

तिसऱ्या आठवड्यात अंगणात, रस्त्यावर, किराणा दुकानात जा. फोनवर बोलताना फोन कानाच्या भोकाशी न धरता यंत्राच्या माइकजवळ, म्हणजे कानामागच्या यंत्राला थोडा वर धरा. चौथ्या आठवड्यात आठवडी बाजार, लग्नघर, सभा. इथे मात्र अपेक्षा बेताची ठेवा. गर्दीत चांगल्या कानाच्या माणसालाही नीट कळत नाही. यंत्राचा माइक दीड-दोन मीटरच्या आतले बोलणे चांगले टिपतो, त्यापलीकडे बोलणे आणि गोंगाट एकत्र होतात. म्हणून सभेत पुढे बसा, भिंतीकडे पाठ करा.

काही तज्ज्ञ पहिल्या दिवसापासूनच दिवसभर घालायला सांगतात. ज्याला सोसेल त्याने तसे करावे. दोन्ही मार्गांत एक गोष्ट समान आहे: रोज घालायचे. फक्त पाहुणे आले की घालायचे यंत्र कधीच अंगवळणी पडत नाही.

काय सोसायचे आणि काय नाही, हेही कळायला हवे. गोंगाट, स्वतःचा विचित्र आवाज, थोडा थकवा हे सोसायचे. दिवसागणिक कमी होते. कानात दुखणे, साच्याने कातडी सोलणे, खाज, पाणी येणे हे सोसायचे नाही. साचा घासून नीट करता येतो. हात कानाजवळ नेल्यावर शिटी वाजली तर ते ठीक आहे. सतत वाजत असेल तर साचा नीट बसलेला नाही, ढिला झाला आहे किंवा कानात मळ साचला आहे. मोठा आवाज टोचत असेल तर जुळवणी बदलून घ्यावी लागते. म्हणून दोन ते चार आठवड्यांनी एक फेरी ठरलेलीच असली पाहिजे. पहिल्या दिवशीची जुळवणी हा अंदाज असतो. खरी जुळवणी माणसाने यंत्र वापरून पाहिल्यावर होते.

सेल, घाम आणि पाऊस

कानामागच्या यंत्राला जस्त आणि हवेवर चालणारे बटणसेल लागतात. त्यांच्यावर एक रंगीत चिकटपट्टी असते. ती काढली की हवा आत जाते आणि सेल सुरू होतो. पुन्हा चिकटवून तो थांबत नाही. म्हणून पट्टी गरजेच्या वेळीच काढा आणि काढल्यावर एखादा मिनिट थांबून मग सेल यंत्रात बसवा. यंत्र, आवाज आणि वापर यांप्रमाणे एक सेल साधारण एक ते दोन आठवडे चालतो, म्हणजे एका कानाला वर्षाला २६ ते ५२ सेल. यंत्र फुकट मिळाले तरी हा खर्च चालू राहतो, आणि योजनेच्या रकमेत तो धरलेला नसतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद पडतो. त्या बाजूच्या लोकांनी मे महिन्यातच चार महिन्यांचे सेल घेऊन ठेवावेत. वीज वारंवार जाते तिथे चार्जिंगच्या यंत्रापेक्षा सेलचे यंत्र सोयीचे. आणि हे सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. मुलाने बटणसेल गिळला तर घरी वाट न पाहता थेट दवाखाना गाठा.

आपल्याकडचा उन्हाळ्यातला घाम आणि पावसाळ्यातली दमट हवा हे यंत्राचे खरे शत्रू. रात्री यंत्र काढले की कोरड्या फडक्याने पुसा, सेलचे दार उघडे ठेवा आणि घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. औषधांच्या बाटल्यांत येणाऱ्या त्या छोट्या पुड्या चालतात, पण जुन्या झाल्या की बदला. चुलीजवळ किंवा उन्हात वाळवू नका. साचा यंत्रापासून वेगळा करून आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण कोरडा झाल्यावरच जोडा. यंत्राला पाणी लावू नका. लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या कानाची.

घरच्यांचा वाटा

यंत्र एकाच्या कानात असते, पण ते चालवायचे सगळ्या घराने. पाठीमागून, दुसऱ्या खोलीतून हाक मारू नका. आधी लक्ष वेधा, चेहऱ्यावर उजेड असू द्या, मग बोला. ओरडू नका, ओरडल्याने शब्द फाटतात. थोडे सावकाश बोला. एखादे वाक्य कळले नाही तर तेच तीनदा म्हणण्यापेक्षा दुसऱ्या शब्दांत सांगा. आणि "जाऊ द्या, काही नाही" असे कधी म्हणू नका. कमी ऐकू येणारा माणूस घरात एकटा पडतो तो याच वाक्याने.

या एकटेपणाची किंमत मोठी आहे. 'द लॅन्सेट'च्या स्मृतिभ्रंशविषयक आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले. श्रवणदोष त्यांत वरच्या क्रमांकांवर आहे. मात्र यंत्र घातले की विसराळूपणा टळतो, असे विकणाऱ्याने सांगितले तर सावध राहा. अमेरिकेत सत्तर ते चौऱ्याऐंशी वर्षांच्या ९७७ जणांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन वर्षांनंतर एकूण गटात फरक दिसला नाही. ज्यांना धोका आधीच जास्त होता त्या उपगटात मात्र बुद्धीची घसरण निम्म्याच्या आसपास कमी झाली. यंत्र घालण्याचे कारण याहून साधे आहे: माणूस पुन्हा बोलण्यात येतो.

वाटपानंतरची व्यवस्था

मग करायचे काय? प्रत्येक तालुक्याला कानाचा तज्ज्ञ आणि श्रवणतज्ज्ञ नेमणे नजीकच्या काळात जमेल असे मला वाटत नाही. पण बऱ्याच कामाला तज्ज्ञ लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये कमी साधनांच्या भागांसाठी जे मार्गदर्शन दिले, त्याचा गाभा हाच आहे: प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कर्मचारीही प्रौढांच्या श्रवणयंत्र सेवेतली पुष्कळ कामे करू शकतात. आपल्या आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांच्या यादीत कान-नाक-घशाची प्राथमिक काळजी आणि वृद्धांची काळजी दोन्ही आहेत. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला सेल बदलणे, साचा साफ करणे, शिटीचे कारण शोधणे, मळ ओळखणे आणि चार आठवड्यांचा सराव समजावणे शिकवायला दोन-तीन दिवस पुरेत. आशाताई घरी जातातच, "यंत्र कानात आहे का?" हा एक प्रश्न त्यांच्या भेटीत जोडता येईल, आणि तो त्या घरच्या भाषेत विचारतील.

शिबिर घेणाऱ्यांकडून तीन गोष्टी आपण मागाव्यात. यंत्र देतानाच पुढच्या फेरीची तारीख आणि ठिकाण लिहून द्यावे, आणि ते ठिकाण अहेरी-आलापल्लीच्या पलीकडे नसावे. यंत्रासोबत किमान सहा महिन्यांचे सेल द्यावेत. आणि तीन महिन्यांनी किती जण यंत्र वापरत आहेत हे मोजून जाहीर करावे. धोरणाच्या पातळीवर, ३५ आणि ६० डेसिबलच्या मधल्या माणसाला वयाची अट न लावता यंत्र मिळण्याची सोय हवी. दिव्यांगत्वाची टक्केवारी आरक्षणासाठी आणि सवलतींसाठी ठीक आहे. यंत्र कोणाला द्यायचे, हे मात्र त्याचा कोणाला उपयोग होतो यावरून ठरावे.

ज्यांच्या घरात यंत्र आधीच पेटीत पडले आहे त्यांनी योजनेची वाट पाहू नये. उद्या सकाळी ते बाहेर काढा, नवा सेल घाला, कान डॉक्टरला दाखवा आणि पहिल्या आठवड्यापासून सुरुवात करा. तरीही चालले नाही तर यंत्र आणि साचा दोन्ही घेऊन जवळच्या सरकारी रुग्णालयात या. जुनी तपासणीची कागदे सोबत असू द्या, आणि घरातले एखादे माणूसही. पुढचे चार आठवडे घरी त्यांच्याशी बोलायचे आहे ते त्यानेच.